साह्यासाठी धाव

माझ्या लहानपणची गोष्ट. आमच्या आत्याबाई एके दिवशी सकाळी देवाची फुले आणावयास म्हणून घराबाहेर पडल्या आणि दुपारी आळीच्या पार दुसऱ्या टोकाला एका परक्या ओटीवर बसलेल्या सापडल्या. आपले घर कोणते हे त्यांना सांगता येईना. नाव तेवढे सांगितले, तेही माहेरचे. घरातील बायकांच्या डोळ्यांना पाणी आले, आम्हां मुलांना हसू आले, आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण उच्चारून तो विषय तेथेच मिटविला. पुढे सात वर्षे आत्याबाई जिवंत होत्या. परंतु त्यांना काय झाले आहे हा प्रश्न पुन्हा कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

या म्हणीने आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या वैद्याचे काम केले आहे. निदान तिनेच करावयाचे, उपचारही तिनेच संपवावयाचे आणि घरच्यांचे समाधानही तिनेच करावयाचे! ज्या अवस्थेविषयी ती बोलते तिला हल्ली स्मृतिभ्रंश म्हणतात. हा म्हातारपणाचा स्वभावधर्म नसून मेंदूचा रोग आहे, किंबहुना अनेक रोगांचे ते एक समान रूप आहे, हे आता सुशिक्षितांना ठाऊक झाले आहे. २०२१ साली जगात या व्याधीने पीडलेली माणसे ५ कोटी ७० लाख होती असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८८ लाख लोकांना ती असावी, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वर्तविला आहे.

मला आज बोलावयाचे आहे ते मात्र या व्याधीसंबंधाने पडलेल्या एका नवलाच्या प्रथेविषयी. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः इंग्लंडात, एखाद्याची आई त्याला ओळखेनाशी झाली की तो मुलगा २६ मैलांची शर्यत धावण्याचे पत्करतो आणि आप्तेष्टांना सांगतो, ‘मी धावतो; तुम्ही या रोगाच्या संशोधनासाठी पैसे द्या.’ प्रथम ऐकणाऱ्यास हे थोडे चमत्कारिक वाटते. पैसे द्यावयाचे तर सरळ द्यावेत. त्यासाठी कोणी घाम गाळण्याचे कारण काय? मलाही असेच वाटत असे. परंतु या प्रथेचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, लांब पल्ल्याच्या धावण्याचा आणि मदत मागण्याचा संबंध फार जुना आहे. इतका जुना की, ज्या कथेवरून या शर्यतीला मॅरेथॉन हे नाव पडले तिच्याही तो मुळाशी आहे.

ती कथा आपण शाळेत वाचलेली असते. इसवी सनापूर्वी ४९० या वर्षी मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. एक दूत ती वार्ता घेऊन अथेन्सला धावत आला, ‘आपण जिंकलो’ एवढे बोलला आणि गतप्राण झाला. कथा सुंदर आहे. पण ती सांगणारे ग्रंथकार त्या लढाईनंतर पाच-सहाशे वर्षांनी झाले. लढाईला सर्वांत जवळचा असा जो इतिहासकार हिरोडोटस, त्याच्या ग्रंथात या धावेचा मागमूस नाही. त्याच्या ग्रंथातला दूत निराळ्या वाटेने धावतो. तो लढाईच्या आधी अथेन्सहून निघतो आणि सुमारे दीडशे मैल धावून दुसऱ्या दिवशी स्पार्टास पोहोचतो. त्याच्यापाशी विजयाची वार्ता नाही. ‘शत्रू दाराशी आला आहे, आम्हांला साह्य करा,’ एवढेच त्याचे मागणे आहे. स्पार्टाच्या लोकांनी ते ऐकून घेतले. येण्याची त्यांची इच्छाही होती. परंतु पौर्णिमेपूर्वी युद्धास निघावयाचे नाही असा त्यांचा धर्मनियम पडला! पौर्णिमा झाल्यावर त्यांचे दोन हजार सैनिक तातडीने आले खरे, तोवर लढाई संपलेली होती. त्यांनी पडलेल्या इराण्यांची प्रेते पाहिली, अथेन्सकरांची प्रशंसा केली आणि ते आले तसे परत गेले.

एवढे अंतर इतक्या थोड्या वेळात माणसाकडून तोडले जाईल काय, अशी शंका पुष्कळांना होती. १९८२ च्या ऑक्टोबरात जॉन फोडेन या ब्रिटिश वायुदलाच्या अधिकाऱ्याने काही सहकाऱ्यांसह ही वाट प्रत्यक्ष धावून पाहिली, आणि त्यांच्यापैकी तिघेजण चाळीस तासांच्या आत स्पार्टास पोहोचले. तेव्हा हिरोडोटसचे म्हणणे अशक्य कोटीतले नाही हे सिद्ध झाले. परंतु तोपर्यंत जगाने दुसरी कथा उचललेली होती. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून १८९६ च्या अथेन्स येथील ऑलिम्पिक सामन्यांत मॅरेथॉनची शर्यत ठेवण्यात आली, आणि १९०८ साली लंडनला तिचे अंतर २६ मैल ३८५ यार्ड होते, तेच पुढे कायमचे ठरले. विजयाची वार्ता आणणारा दूत अजरामर झाला. मदत मागावयास गेलेल्याच्या वाट्याला आले ते विस्मरण.

आपल्याकडे परोपकारासाठी पायपीट करण्याची गोष्ट अपरिचित नाही. हिंगण्याच्या झोपडीतून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास रोज पायी येणारे आणि उरलेल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी गोळा करणारे अण्णासाहेब कर्वे पुण्यातल्या कित्येक घरांच्या आठवणीत होते. पण त्यांची पायपीट ही गरजेची होती. ती कोणी पाहावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आपले कष्ट लोकांच्या डोळ्यांपुढे उघड मांडावयाचे आणि त्यांच्याच बळावर रोगाच्या संशोधनासाठी दान मागावयाचे, या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कॅनडातील एका तरुणाने.

टेरी फॉक्स हे त्याचे नाव. १८ वर्षांचा असताना हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. ते साल १९७७. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्याच्या शाळेतील खेळाच्या शिक्षकांनी त्याला एक लेख आणून दिला. एक पाय नसलेला डिक ट्रॉम नावाचा मनुष्य न्यूयॉर्कची मॅरेथॉन कसा धावला याची हकीकत त्यात होती. पुढे सोळा महिने औषधोपचारासाठी इस्पितळात जा-ये करताना त्या मुलाने आपल्याहून लहान मुले कर्करोगाने कशी मरतात हे पाहिले, आणि सबंध कॅनडा देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाण्याचे मनाशी ठरविले. १९८० च्या एप्रिलच्या १२ तारखेस न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स या बंदरात त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडविला आणि पश्चिमेची वाट धरली. संकल्प असा की, रोज सुमारे २६ मैल धावावयाचे. म्हणजे रोजची एक मॅरेथॉन!

आरंभी त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मागून एक मित्र गाडी हाकीत येई, पुढे हा एका पायावर दोनदा उसळी घेत, कृत्रिम पाय टेकीत धावत असे. पोर्ट ओ बास्क हे दहा हजार वस्तीचे गाव. त्या गावाने दहा हजार डॉलर त्याच्या हाती ठेवले. माणशी एक डॉलर! त्यावरूनच पुढे सबंध देशाकडे माणशी एक डॉलर मागण्याची कल्पना दृढ झाली. क्वेबेक प्रांतात त्याची भाषा लोकांना समजत नव्हती आणि त्याचे कार्यही कोणाला ठाऊक नव्हते. तेथे त्याने मोटारींचे हिसके खाल्ले. ऑन्टारिओ प्रांतात मात्र लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहू लागले. सप्टेंबरच्या १ तारखेस, थंडर बे या गावाजवळ, त्याच्या छातीत कळ आली. रोग फुप्फुसांत शिरला होता. १४३ दिवसांत ३,३३९ मैल धावून तो थांबला तो कायमचा. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत निधीने २ कोटी ४० लाख डॉलरांची मर्यादा ओलांडली, म्हणजे माणशी एक डॉलर जमा झाला. आणि त्याच वर्षी जूनच्या २८ तारखेस, बाविसाव्या वर्षी, टेरी फॉक्स मृत्यू पावला. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या धावेतून पुढे ८० कोटींहून अधिक डॉलर कर्करोगाच्या संशोधनासाठी जमले.

दाता पैसे देतो तो आपल्या डोळ्यांपुढे झालेल्या श्रमाला साक्ष राहून देतो, हे या धावेने दाखवून दिले. १९८१ च्या मार्चमध्ये लंडनची मॅरेथॉन सुरू झाली, आणि तिच्यात हळूहळू निव्वळ जिंकण्यासाठी धावणाऱ्यांपेक्षा कोणासाठी तरी धावणाऱ्यांचीच संख्या फार मोठी झाली. २०१९ च्या एका दिवसाच्या शर्यतीतून ६ कोटी ६४ लाख पौंड धर्मादाय जमले.

आता स्मृतिभ्रंशाकडे वळू. या रोगाला प्रथम स्पष्टपणे पाहणारा डॉक्टर आलोईस अल्झायमर हा जर्मन होता. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ते डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री आणण्यात आली. अल्झायमरने तिला तिचे नाव विचारले. ती ‘ऑगुस्ते’ म्हणाली. नवऱ्याचे नाव विचारले. पुन्हा ‘ऑगुस्ते’ म्हणाली. पानात फ्लॉवर आणि डुकराचे मांस असताना, काय खात आहात असे विचारता तिने पालक असे उत्तर दिले. नाव लिहावयास सांगितले तेव्हा ‘श्रीमती’ एवढे लिहून ती थांबली. पुढचे तिला आठवेना. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अल्झायमरने त्यातील चकत्यांसारखे साठे आणि पेशींतील तंतूंची गुंतवळ पाहिली, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत आपले निरीक्षण सांगितले. सभेत कोणी एकही प्रश्न विचारला नाही. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्यास बोलाविले.

१९१० साली क्रेपेलिन या विख्यात मानसवैद्याने आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले. परंतु त्यात एक मेख राहिली. तो ऐन वयात होणारा दुर्मिळ रोग मानला गेला, आणि म्हाताऱ्यांचे विसरणे हे म्हातारपणच राहिले. म्हणजे युरोपातील पंडितांची ‘साठी बुद्धी नाठी’ ग्रंथांत जाऊन बसली! दोन्हींच्या मेंदूत तोच बिघाड आहे आणि हा रोग मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, असे रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टरने निक्षून लिहिले ते १९७६ साली. मधली सुमारे सत्तर वर्षे कोट्यवधी कुटुंबांनी रोगाला स्वभाव समजून काढली. १९७९ साली इंग्लंडात आणि १९८० साली अमेरिकेत रोग्यांच्या आप्तांनी संस्था काढल्या. अमेरिकेतील संस्थेने १९८९ साली नऊ ठिकाणी लोकांस पायी चालवून पहिला निधी जमविला. १,२४९ माणसे चालली आणि १ लाख ४९ हजार डॉलर मिळाले. आपल्या देशात केरळात १९९२ साली अशी संस्था निघाली.

कर्करोगाच्या मानाने येथे पैसा फारच तुटपुंजा होता. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना ५९ व्या वर्षी या जातीचा रोग झाल्याचे त्यांनी १९०७ नव्हे, तर २००७ च्या डिसेंबरात जाहीर केले. शंभर वर्षांचे अंतर पडूनही औषध नव्हते, म्हणून ही दोन साले माझ्या जिभेवर एकमेकांत मिसळतात. तीन महिन्यांनी त्यांनी संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, आणि कर्करोगाच्या संशोधनावर जो पैसा खर्च होतो त्याच्या अवघा ३ टक्के या रोगाच्या वाट्याला येतो, अशी जाहीर तक्रार केली.

तक्रार करावयास प्रॅचेट होते, ही त्या रोगाच्या इतिहासातली अपवादाची गोष्ट आहे. टेरी फॉक्सला आपल्या शरीरातील शत्रूचे नाव ठाऊक होते आणि त्या शत्रूविरुद्ध मदत मागावयास तो स्वतः रस्त्यावर उतरला. स्मृतिभ्रंशाचा रोगी आरंभीच्या काळात स्वतःसाठी बोलू शकतो, काही बोलतातही. पण रोग वाढला की ज्याच्या दाराशी शत्रू आला त्यालाच दूत पाठविण्याचे भान उरत नाही. म्हणून दुसऱ्या कोणी धावावे लागते. बार्बरा विंडसर या लोकप्रिय इंग्रज नटीला २०१४ साली हा रोग जडल्याचे कळले. तिच्या पतीने ते चार वर्षे लोकांपासून झाकून ठेवले आणि २०१८ च्या मे महिन्यात उघड केले. पुढच्याच वर्षी २८ एप्रिलला, दूरचित्रवाणीच्या मालिकेत तिच्यासह काम केलेल्या नटमंडळींना बरोबर घेऊन, तो लंडनची मॅरेथॉन धावला. चार वर्षे घरात लपविलेली गोष्ट त्याने हजारो लोकांसमक्ष २६ मैल पाठीवर वाहिली, असेच म्हणावयाचे. त्या वर्षी शर्यतीने स्मृतिभ्रंशाचे काम करणाऱ्या दोन ब्रिटिश संस्थांना मानाचे स्थान दिले होते, आणि त्यांच्यासाठी धावणाऱ्यांनी संशोधनाकरिता सुमारे ४० लाख पौंड जमविले. बार्बरा विंडसर २०२० च्या डिसेंबरात वारली.

ज्यांनी कधी धाव घेतली नाही अशा माझ्यासारख्यांना या श्रमाची कल्पना नसते. नवशिक्याला चार-पाच महिने तयारी करावी लागते. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर साधारण विसाव्या मैलाच्या सुमारास संपत येते. मग पाय शिशाचे होतात, साधा हिशेब सुचेनासा होतो, आणि उरलेले सहा मैल आधीच्या विसांहून लांब वाटतात. धावल्याने स्मृतिभ्रंश बरा होतो असे मात्र कोणी समजू नये. व्यायामाचा अभाव हे या रोगाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, एवढेच शास्त्र सांगते.

या प्रथेवर आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते सर्वस्वी खोटे नाहीत. हा एक प्रकारचा तमाशा आहे, धावणाऱ्याला दानापेक्षा पदकाचीच हौस अधिक असते, असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. असेलही. त्याहून वजनदार आक्षेप रकमेचा आहे. ज्या ब्रिटिश संशोधनसंस्थेसाठी ते ४० लाख पौंड जमले, तिच्या उभारणीला वरील दोन संस्थांनी प्रत्येकी ५ कोटी पौंड देण्याचे पत्करले होते आणि सरकारी पैसा त्याहूनही अधिक होता. अशा यज्ञात धावपटूंची आहुती समिधेएवढी. तेव्हा काम चालते ते सरकारच्या तिजोरीवर, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या रोगाला समाज रोगच मानीत नाही त्याच्यासाठी कोणते सरकार तिजोरी उघडील? धावणाऱ्याच्या पाठीवर आईचे छायाचित्र असते. रस्त्याच्या कडेला उभा असलेला मनुष्य ते पाहतो, आणि आपल्या घरातही असेच कोणी आहे हे त्याला प्रथमच मोठ्याने बोलावेसे वाटते. माझ्या मते धावेची खरी कमाई ती.

आणि साह्य येते केव्हा? स्पार्टाच्या सैन्यासारखे, पौर्णिमेनंतर. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एका शिक्षिकेच्या वडिलांना आणि त्यांच्या भावंडांना ऐन पन्नाशीत हा रोग जडला. तिने १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या संशोधकांना पत्र लिहून आपले सारे कुटुंब तपासणीस देऊ केले. त्या कुटुंबाच्या रक्तावरून १९९१ साली जॉन हार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी या रोगास कारण होणारा एक आनुवंशिक दोष प्रथमच शोधून काढला. अल्झायमरने पाहिलेल्या त्या चकत्या ज्या द्रव्याच्या बनतात त्याच्याशी तो दोष निगडित होता. त्याच धाग्यावरून जाता जाता ते द्रव्य मेंदूतून हटविणारे लेकानेमॅब हे औषध निघाले. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत, दीड वर्षाच्या काळात, ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. रोग थांबला नाही, गेलेले परत आले नाही; काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव हेही झाले. पण गेलेल्या शतकात एवढेही घडले नव्हते. ती शिक्षिका तोपर्यंत स्वतः या रोगाने ग्रासली होती. २०२४ साली ती वारली.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्यातही धर्मादायासाठी धावण्याचा पायंडा पडला आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी मी पेडर रोडच्या चढावर उभा होतो. एक तिशीतला तरुण चढ धावत न येता चालत वर येत होता. त्याच्या सदऱ्यावर नऊवारीतील एका वृद्धेचे छायाचित्र छापलेले होते. कोण, असे मी विचारले. ‘आजी, काका,’ तो म्हणाला. तिला ठाऊक आहे का तुम्ही धावता ते? ‘सकाळी निघताना सांगितलं. ती मला तिचा भाऊ समजते. म्हणाली, दादा, उन्हाचा जाऊ नकोस.’ एवढे बोलून त्याने पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि पुन्हा धावू लागला.